क्लासिक ३५० ला हायवे पेग लावावेत का, आणि लावायचे तर कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उंची पाच फूट अकरा इंच, गाडी २०२२ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, पुणे–बंगळुरू जाणं-येणं, कधी एकट्याने तर कधी पत्नीसोबत. दीड-दोनशे किलोमीटर झाले की गुडघे आखडतात, त्यातही उजवा जास्त. अॅक्सेसरीवाला म्हणतो, लेगगार्डवर (इंजिनापुढच्या संरक्षक पाइपवर) जादा फूटरेस्ट, म्हणजे हायवे पेग, अर्ध्या तासात बसवून देतो. बसवावेत का, कुठे बसवावेत, आणि त्यात धोका किती?

माझं मत: बसवा, पण सगळ्यात शेवटी. आधी सीट आणि ब्रेक पॅडल बघा. लांबच्या प्रवासाच्या गाड्या तयार करून देणं हेच माझं काम असल्यामुळे स्पष्ट सांगतो, गुडघा दुखतो म्हणून थेट पेग लावणाऱ्यांपैकी बरेच जण सहा महिन्यांनी कंबर धरून येतात. हायवे पेग म्हणजे पाय ठेवायची दुसरी जागा. पाच-दहा मिनिटं तिथे पाय लांब करायचे आणि पुन्हा मूळ फूटरेस्टवर आणायचे, एवढंच त्यांचं काम. तेवढं काम ते फार छान करतात.

कंबर का दुखते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. मूळ फूटरेस्टवर पाय असताना गुडघा काटकोनाच्या आसपास दुमडलेला असतो, तुमच्यासारख्या उंच माणसाचा तर त्याहूनही जास्त. दुमडलेल्या गुडघ्यात वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते आणि तासन्तास तसंच राहिलं की सांधा आखडतो. पाय पुढे लांब केला की गुडघा उघडतो, वाटीवरचा दाब उतरतो, लगेच बरं वाटतं. म्हणूनच दुकानात, उभ्या गाडीवर बसून पाहिलं की हे पेग कुणालाही आवडतात. पण पाय पुढे गेले की कंबरेचं हाड मागे कलंडतं. पाठीच्या खालच्या भागाला जो नैसर्गिक आतला बाक असतो तो सपाट होतो. एरवी पायांवर वाटलं जाणारं वजन सगळं माकडहाडावर येतं. समोरून वारा छातीला मागे रेटतो आणि तोल सांभाळायला आपण नकळत हँडल ओढून धरतो, मग खांदेही भरून येतात. आणि खड्डा आला तर पायांवर जोर देऊन बूड उचलायची सोय उरलेली नसते. तो दणका सरळ कण्यात जातो.

आता तुमचा उजवा गुडघा. ही खूण मला महत्त्वाची वाटते. उंची आणि सीट हेच कारण असतं तर दोन्ही गुडघे सारखे दुखले असते. उजवाच जास्त दुखतो तेव्हा मी आधी ब्रेक पॅडलची उंची पाहतो. पॅडल उंच असेल तर चालवणारा माणूस ब्रेक लागू नये म्हणून पंजा सतत वर उचलून धरतो. नडगीच्या पुढचा स्नायू तासन्तास ताणलेला राहतो आणि तो ताण गुडघ्यापर्यंत चढतो. बूट घालून गाडीवर बसा, पाय फूटरेस्टवर सहज टेकवा. पंजा न उचलता बुटाचा तळवा पॅडलच्या किंचित वर राहायला हवा. राहत नसेल तर मेकॅनिककडून पॅडल खाली करून घ्या. मात्र नंतर पॅडलला थोडा मोकळा खेळ उरला आहे ना, आणि मेन स्टँडवर मागचं चाक हाताने मोकळं फिरतं आहे ना, हे समोर उभं राहून तपासा. ब्रेक चिकटून राहिला तर डिस्क किंवा ड्रम तापेल.

मग सीट. क्लासिकच्या सीटची उंची ८०५ मिलिमीटर आहे. तुमच्या उंचीला ती २० ते २५ मिलिमीटरने वाढवली तरी दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील, आणि तेवढ्यानेच गुडघ्याचा कोन बराच उघडेल. चांगला सीट-कारागीर मूळ फोमवर घट्ट फोमचा थर देऊन हे करतो. मऊ फोम सांगू नका, तो शंभर किलोमीटरमध्ये बसतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या उंचीवर येता. सीटचा पुढचा भाग मांड्यांना घासत असेल तर तो थोडा निमुळता करून घ्या. सीट उंच झाल्यावर हँडल खाली वाटू लागलं तर २० मिलिमीटरच्या आसपासचे रायझर, म्हणजे हँडल उचलणारे ठोकळे, चालतात. फक्त हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लचची केबल आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना ते बघा.

एवढं करून सोलापूरपर्यंत एकदा जाऊन या. गुडघा अजूनही कुरकुरत असेल तर पेग लावायचे.

लेगगार्ड म्हटलं की बाजारात दोन जाती दिसतात, एक सुटसुटीत आणि एक रुंद पंखांचा, ज्याला बटरफ्लाय गार्ड म्हणतात. तुमच्याकडे कोणताही असो, पेग विकत घेण्याआधी पाइपचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा, पावडर कोटिंगसकट. २२, २५, २८, ३२ मिलिमीटर असे वेगवेगळे पाइप असतात. दुकानात 'सगळ्याला बसतो' असं सांगून पेग पाइपला धरणारा एकच क्लॅम्प देतात आणि फरक रबराच्या पट्टीने भरून काढतात. हे मला अजिबात पटत नाही. जाड रबरावर क्लॅम्प कितीही आवळला तरी तो पाइपभोवती हळूहळू फिरतो, आणि फिरतो तो नेमका पायाचा भार पडल्यावर. सायकलच्या ट्यूबच्या कातड्याएवढी पातळ पट्टी रंग वाचवायला पुरे.

क्लॅम्प दोन अर्ध्या भागांचा, जाड अॅल्युमिनियमचा किंवा स्टीलचा घ्या. पत्रा वाकवून केलेले यू-क्लॅम्प नकोत. बोल्ट आवळल्यावर दोन भागांमध्ये थोडी फट दिसली पाहिजे. फट पूर्ण मिटली तर क्लॅम्पने पाइपला धरलेलंच नाही, दोन भागांनी फक्त एकमेकांना धरलंय. एम८ चा बोल्ट असेल तर साधारण २० न्यूटन-मीटरपर्यंत ठीक, पण पाइप पातळ वाटला तर क्लॅम्पच्या कंपनीने दिलेला आकडा पाळा, कारण पाइप चेपला की तो तिथेच पुढे मोडतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा नट) किंवा निळं लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा गोंद) वापरा. लाल लॉकटाइट नको, पुढे खोलताना बोल्ट तुटेल.

किती भार येतो याचा अंदाज देतो. माणसाचा एक पाय शरीराच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका असतो. तुमचं वजन ८० किलो धरलं तर १३ किलोच्या आसपास. त्यातला काही भार सीटवर राहतो. पण पेग पाइपपासून बाहेर निघालेला असतो, त्यामुळे तो भार पाइपला पिळतो, आणि खड्ड्यात तो क्षणभर कितीतरी पटीने वाढतो. म्हणून बसवून झाल्यावर जमिनीवर उभं राहून एका पायाने पेगवर चांगला जोर द्या. जरासा जरी फिरला तर जागा बदला. पाइपला जिथे बाक किंवा जोड आहे त्याच्या लगत क्लॅम्प बसवला तर त्याला सरकायला वाव राहत नाही. ही कसोटी करताना लेगगार्ड स्वतःच हलतो का तेही बघा. बऱ्याचदा पेग पक्का असतो आणि गार्डचे चासीवरचे बोल्ट ढिले असतात.

गार्डला वेल्डिंग करून फूटरेस्ट जोडून देणारे फॅब्रिकेटर प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने क्रोम किंवा कोटिंग जळतं, तिथून गंज धरतो, आणि जोडाच्या कडेला पाइप कमजोर होतो. शिवाय वेल्ड केलेली जागा पुढे-मागे करता येत नाही, आणि पहिल्याच प्रयत्नात जागा अचूक सापडणं फार दुर्मीळ.

जागा शोधायची पद्धत. गाडी मेन स्टँडवर घ्या. नेहमीचे बूट, जाकीट, हेल्मेट, सगळं घालून बसा, कारण साध्या चपलेत आणि रायडिंग बुटात पायाची ठेवण वेगळी पडते. दोन्ही हात हँडलवर ठेवा, डोळे मिटा आणि पाय पुढे सहज जाईल तिथवर लांब करा. मदतीला घेतलेल्या माणसाने तुमच्या टाचेच्या किंचित पुढे, तळव्याच्या पोकळीखाली एक लाकडी दांडा धरावा. गुडघा पूर्ण सरळ होता कामा नये. थोडा बाक, साधारण तीस अंशांचा, राहिला पाहिजे. पूर्ण ताठ पायाने खड्ड्याचा दणका घेतला तर गुडघा आणि कंबर दोन्ही दुखावतात. ती जागा गार्डवर खडूने खूण करा, दांडा तिथे दोन जुबली क्लिपांनी (स्क्रूने आवळायच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी) तात्पुरता बांधा आणि पंधरा मिनिटं तसंच बसून राहा. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांत सगळ्याच जागा आरामाच्या वाटतात, दहाव्या मिनिटाला मांडी खरं सांगते. हा दांडा फक्त उभ्या गाडीसाठी, तो बांधून रस्त्यावर जायचं नाही.

पेगचं बाहेरचं टोक दहा-पंधरा अंश वर असू द्या. ताशी सत्तरच्या पुढे वारा पाय बाहेर फाकवतो आणि सपाट पेगवर मांडीच्या आतल्या स्नायूंनी पाय आत ओढून धरावा लागतो. मग आराम कसला? टोक वर असेल तर बूट तिथे आपोआप टेकून राहतो.

आणि पेग घडीचा हवा. यावर तडजोड नाही. गाडी कलली किंवा पडली तर तो वर आणि मागे दुमडला पाहिजे. न दुमडणारा पेग वळणावर जमिनीला लागला तर पुढचं चाक उचलू शकतो. उभी गाडी कलंडली तरी पहारीसारखा काम करून गार्ड आत ढकलतो आणि टाकीला पोच पाडतो. पेग गार्डच्या खालच्या पाइपच्या खाली उतरू देऊ नका, आणि घडी केल्यावर तो गार्डच्या रुंदीच्या आत मावला पाहिजे, नाहीतर पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या नडगीला लागेल.

क्लासिकचा एक्झॉस्ट पाइप उजवीकडून जातो. उजवा पाय पेगवरून परत आणताना बूट त्या पाइपला टेकत नाही ना, ते इंजिन थंड असताना बघून घ्या. रबरी तळव्याचे बूट तिथे वितळलेले मी पाहिले आहेत. गार्डवर जादा दिवे लावले असतील तर पाय त्यांच्या झोतात येतो का तेही बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, पुढचं सस्पेन्शन दोघांनी मिळून जोर देऊन दाबा, मडगार्ड आणि पेग यांच्यात जागा उरली पाहिजे.

रस्त्यावरच्या वापराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरा धोका तिथे आहे. ही सवय अमेरिकेतल्या इंटरस्टेट महामार्गांवर रुजली. गोल्डविंग, हार्लेसारख्या जड गाड्या, क्रूझ कंट्रोल, मैलोन् मैल सरळ रस्ता आणि समोरून कुणी न येणारी लेन. आपल्याकडे तसे जे रस्ते आहेत, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी, तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. आपल्या वाट्याला येतो तो एनएच-४८, आणि त्यावर दुभाजकाच्या फटीतून वळणारी एसटी, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, गावाजवळचे रंबलर आणि गाळप हंगामात मागे दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय पेगवरून ब्रेकवर यायला एक सेकंद जास्त लागला तर तेवढं अंतर तुम्ही मागचा ब्रेक न लावता कापलेलं असतं. मुख्य रोध पुढच्या ब्रेकचा असतो हे खरं, पण पाय पुढे असताना गुडघ्यांनी टाकी धरता येत नाही आणि जोरात ब्रेक लावला की सगळं अंग हातांवर येतं.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. लेगगार्ड तुमचा पाय वाचवतो तो पाय त्याच्या मागे असताना. पेगवर ठेवलेला पाय गार्डच्या पुढे किंवा बाहेर गेलेला असतो. घासून जाणाऱ्या गाडीचा पहिला फटका मग नडगीला. म्हणून आजूबाजूला वाहन असेल तेव्हा पाय आतच.

मी गाडी देताना सांगतो ते असं. पुढचा रस्ता लांबवर मोकळा दिसत असेल, जवळ वाहन नसेल, फाटा किंवा वस्ती नसेल, तेव्हाच पेग वापरायचे. रात्री, पावसात आणि घाटात वापरायचे नाहीत, म्हणजे तुमच्या मार्गावर खंबाटकीत तर नाहीच. दोन्ही पाय एकदम पुढे टाकायची गरज क्वचित पडते. आधी डावा लांब करा, उजवा ब्रेकजवळ राहू द्या, मग डावा परत आणून उजवा. अदलाबदलीने आराम जवळपास तेवढाच मिळतो. वेग साठ ते ऐंशी. साडेआठशे किलोमीटरच्या आसपासच्या या रस्त्यात पेग खरे उपयोगी पडतील ते बहुतेक कर्नाटकात शिरल्यावर, चित्रदुर्ग ते तुमकूर अशा पट्ट्यांमध्ये. पुणे ते कागल तुम्ही त्यांना फारसा हात, म्हणजे पाय, लावणार नाही.

निघण्यापूर्वी उभ्या गाडीवर पाय परत आणण्याचा सराव करा, न बघता. पुढून मागे येणारा पंजा ब्रेक पॅडलच्या किंवा गिअर लिव्हरच्या खाली अडकतो, ही नव्या पेगवाल्यांची नेहमीची अडचण. पाय आधी बाहेरून मागे न्यायचा, टाच फूटरेस्टवर टेकवायची आणि मग पंजा पॅडलवर फिरवायचा. अंगवळणी पडेपर्यंत करत राहा.

बसवल्यावर क्लॅम्प आणि पाइप दोन्हीवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की क्लॅम्प फिरला. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा. तुमच्या इंजिनाला बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे कंप कमी. जुन्या बुलेटवाल्यांनी मात्र प्रत्येक प्रवासाआधी पाना लावून बघावं.

गाडी बदलायचा विचारही तुम्ही बोलून दाखवला आहे, म्हणून दोन शब्द. मीटिऑर ३५० किंवा अॅव्हेंजरमध्ये मूळ फूटरेस्टच पुढे असतात, तिथे जादा पेगचा फायदा फार थोडा. हिमालयनवर पेग शोधू नका. ती गाडी उभं राहून चालवायला केली आहे, दर वीस मिनिटांनी मिनिटभर उभे राहिलात तर गुडघे आणि पाठ दोन्ही सुटतात. तसं क्लासिकवरही मोकळ्या, सरळ रस्त्यावर थोडा वेळ उभं राहता येतं आणि त्याला खर्च शून्य आहे.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाला छेद देणाऱ्या बदलांना मनाई करतं. चासीला छिद्र पाडू नका, काही कापू नका, बोल्ट काढून गाडी मूळ स्थितीत आणता येईल असंच काम करा. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

पत्नी मागे असतील तेव्हाचा हिशोब वेगळा. तुम्ही पाय पुढे टाकले की तुमची पाठ मागे कलते आणि त्यांची जागा कमी होते, त्यांना मागे सरकून बसावं लागतं. त्यांच्या गुडघ्यांची चौकशी तुम्ही प्रश्नात केलेली नाही, पण क्लासिकवर मागच्या माणसाचा गुडघा पुढच्यापेक्षा कमी दुमडलेला नसतो. मागच्या सीटचा फोम आणि पाठीला टेकू, या दोन गोष्टींवर आधी खर्च करा. सॅडल बॅगच्या फ्रेममुळे त्यांचे पाय बाहेर ढकलले जात नाहीत ना, त्यांना बसवून बघा. त्या मागे असताना पेगला सुट्टी द्या आणि त्याऐवजी दर सव्वा तासाला थांबून दोघं पाच मिनिटं चाला. एकटे असाल तेव्हा मागचे फूटरेस्ट रिकामे असतात. बॅगा आड येत नसतील तर मोकळ्या रस्त्यावर एकेक पाय तिथे मागे टेकवून मांडीचा पुढचा भागही ताणता येतो. पुढे पेग आणि मागे हे, असे दोन्हीकडे ताण मिळाले तर पेगवर बसून राहायची गरजच कमी होते.